शिंगाड्याच्या तलावातलं पाणगुलाब

“आधी कोण उडी मारणार?” कंपाउंडच्या भिंतीवर लटकलेल्या उर्वशीनं विचारलं.

“मी नाई!” खालून मोनू ओरडला. “काकांच्या त्या झाडाले दात आहेत!”

“हळू बोल रे! झाडाला कुठे दात असतात?”

“दात नाहीत, भोकं आहेत,” मोना म्हणाली. “मॉन्स्टेराची पानं तशीच असतात. काका म्हणतात, तिकडं परदेशातल्या जंगलात ते मोठ्या झाडांवर चढत जाते.”

“मग परदेशातलं झाड आपल्या लाखनी तालुक्यात काय करून राहिलं?” प्रितमनं विचारलं.

“कूलरची हवा खाऊन राहिलं!” मोनू फुरंगटून म्हणाला. “मे महिन्यात आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसतो, अन् काकांचा कूलर उलटा! खिडकीतून बाहेर, झाडांकडे!”

चौघंही खुदखुदली. मोना तेरा वर्षांची, मोनू तिचा धाकटा भाऊ, दहाचा. उर्वशी त्यांची आतेबहीण, दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आलेली. प्रितम मोनाच्याच वर्गातला; तलावाच्या काठावरच त्याचं घर. आणि ज्या भिंतीवर हा उद्योग चालला होता, ती मोनाच्या सख्ख्या काकांची, चंद्रकुमारकाकांची. लाखनीला हायवेवर त्यांचं मोबाईलचं दुकान होतं; पण त्यांचा जीव दुकानात नव्हता, मागच्या या बागेत होता. मोनूच्या चेंडूनं एका ऑर्किडची मान मोडली, त्या दिवसापासून बागेच्या फाटकाला कुलूप होतं.

आज या भिंतीवर चढायचं कारण मात्र चेंडू नव्हतं.

सकाळी प्रितम उर्वशीला शिंगाडे काढताना दाखवायला तलावावर घेऊन गेला होता. तलावाचा पलीकडचा कोपरा तलाव समितीनं शिंगाड्यासाठी त्याच्या आजीला, शकुनबाईला दिला होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिनं गुडघाभर चिखलात उभं राहून शिंगाड्याच्या वेली लावल्या होत्या. आता फळ धरायचे दिवस. पण तिथं वेली दिसतच नव्हत्या! सगळ्या कोपऱ्यावर पोपटी रंगाची, मखमली पानांची, कोबीच्या गड्ड्याएवढी झाडं तरंगत होती. एकाला एक चिकटलेली, पाण्याचा थेंब दिसू न देणारी. आणि त्यांच्या मधोमध आपल्या लाकडी डोंग्यात, लहानशा होडीत, शकुनबाई हात मांडीवर टाकून बसली होती.

“पानाले सूर्यच दिसत नाई, तं फळ कसं भरन रे बाबू?” ती प्रितमला म्हणाली होती. “अजून आठ दिवस असंच राहिलं तं वेल सडन. कार्तिकात मी बसस्टँडवर काय घेऊन बसू?”

तेव्हा उर्वशीनं डोळे बारीक करून जाहीर केलं, “हे झाड इथलं नाही! या गावात परदेशी झाडं कोणाकडे आहेत?”

“काकांकडे!” मोना म्हणाली होती. फार पटकन म्हणाली होती. त्या मखमली झाडांकडे तिनं दुसऱ्यांदा नीट पाहिलंही नव्हतं. का पाहिलं नव्हतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“चला, मी चालले!” उर्वशीनं धपकन उडी मारली. पाठोपाठ प्रितम, मग मोना, आणि शेवटी, “मले एकट्याले नका सोडू!” असं म्हणत मोनू.

आत वेगळंच जग होतं. वर हिरवी जाळी, खाली ओली पोती आणि धानाच्या तुसाचा थर. हेलिकोनियाचे नारिंगी तुरे खेकड्याच्या नांग्यांसारखे लटकत होते. अँथुरियमची लाल फुलं तर तेलानं पुसून ठेवल्यासारखी! हत्तीच्या कानाएवढी काळपट पानं, त्यावर चांदीच्या शिरा. आणि एका कुंडीवर ठेवलेल्या मोबाईलमधून झाडांसाठी हळू आवाजात भजन चालू होतं.

“झाडं भजन ऐकतात?” उर्वशीचे डोळे मोठे झाले.

“काका म्हणतात, पानं टवटवीत राहतात. आम्ही ऐकलं तर म्हणतात, अभ्यास करा!” मोनू म्हणाला.

“इकडे या!” कोपऱ्यातून प्रितमची हाक आली.

तिथं फाटकाला लागूनच सिमेंटची एक चौकोनी टाकी होती. टाकीच्या पाण्यावर पोपटी, मखमली, रुपयाएवढी छोटी छोटी गुलाबं तरंगत होती. फूल नव्हे, पानंच. पण रचना अगदी गुलाबाची. प्रितमनं एक उचललं. खाली पांढऱ्या मुळांची दाढी लोंबत होती.

“हेच! तलावातलं मोठं झालं, हे लहान आहे, एवढाच फरक!”

मोना टाकीपासून एक पाऊल मागं सरली.

ही गुलाबं तिच्या ओळखीची होती. नवरात्रापासून रोज सकाळी ती फाटकाच्या गजातून हात घालून त्यातली दहा-बारा उचलत होती. काका फुलाला हात लावू देत नसत. अँथुरियमची फुलं तर ते मोजून ठेवत. पण ही गुलाबं कितीही घ्या, दोन दिवसांत टाकी पुन्हा भरलेली! मोना ती विठोबाच्या पायाशी मांडायची, वर हळदीकुंकू वाहायची. देवळात जो येईल तो म्हणायचा, “काय सुंदर आरास करते पोरगी!” आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य. देवाला वाहिलेलं पायदळी येऊ नये, म्हणून ते टोपलीत भरून तलावावर न्यायचं. प्रितम कमरेएवढ्या पाण्यात जाऊन, हात जोडून, अलगद सोडायचा. हळदीकुंकवानं माखलेली ती गुलाबं त्याला फुलांच्या ढिगात नुसतं निर्माल्यच वाटायची. वाळलेली फुलं बुडायची. गुलाबं तरंगत राहायची. वारा त्यांना पलीकडच्या कोपऱ्याकडे घेऊन जायचा. किती छान दिसायचं ते!

“ताई,” मोनू मोठ्यानं म्हणाला, “आपण देवाले...”

मोनानं त्याच्या तोंडावर हात दाबला.

“काय झालं?” उर्वशीनं विचारलं.

“काही नाही. त्याच्या तोंडावर मुंगळा होता.”

तेवढ्यात फाटकाचं कुलूप खडखडलं. दारात चंद्रकुमारकाका उभे होते, हातात पाणी शिंपडायची बाटली.

“कोण आहे? मोना? तुम्ही लोक भिंतीवरून आले?”

“मामा, आधी तुम्ही उत्तर द्या!” उर्वशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नागपूरची असल्यामुळे तिला काकांची तितकीशी भीती नव्हती. तिनं तलावातलं सगळं सांगितलं आणि विचारलं, “या टाकीचं पाणी कुठं जातं?”

काकांचा चेहरा उतरला. ते गडबडीनं टाकीमागे गेले आणि विटांनी झाकलेला खड्डा दाखवू लागले. “हे बघ, शोषखड्डा! माझ्या बागेतला एक थेंब बाहेर जात नाही. पण... कोणीतरी रोज माझ्या टाकीतून झाडं उचलून नेऊन राहिलं. मले वाटलं, कावळे असतील.”

मोना पायाच्या अंगठ्यानं तुसात रेघा काढत राहिली. बोल, तिचं मन म्हणत होतं. आता बोल! 

आणि मग बोलायची वेळ निघूनच गेली, कारण आवाज ऐकून फाटकातून गोपीचंदजी आत आले. तलाव समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, छातीच्या खिशात दोन पेन. त्यांच्यामागे पदर सावरत शकुनबाई.

“कायचा गोंधळ आहे?” ते म्हणाले. “मी तलाव पाहून आलो. फैसला झाला! उद्या सकाळी दहाला लाखनीहून पंपवाला येते. तणनाशक मारलं की दोन दिवसांत साफ!”

“पण काका, शिंगाडाही मरन! अन् मासे?” प्रितम ओरडला.

“एका सालचा शिंगाडा गेला तं काय होते? अन् हे आलं कुठून, ते बी मले समजते. शकुनबाई, तू यावर्षी वेलीचं बेणं दुसऱ्या तलावातून आणलं होतं नं? त्याच्यातूनच आली ही बला! पुढच्या साली कोपरा दुसऱ्याले देऊ, काय?”

“मीनं एकेक वेल धुऊन लावली होती, भाऊजी,” शकुनबाई हळूच म्हणाली. “एकेक.”

 काका टाकीपुढे असे उभे राहिले की गोपीचंदजींना ती दिसू नये. आणि मोना? मोना मोबाईलमधलं भजन ऐकत असल्यासारखी उभी राहिली. तिचे कान इतके तापले होते की वाटलं, सगळ्यांना दिसत असतील.

बाहेर पडल्यावर उर्वशी म्हणाली, “चोर शोधला पाहिजे! रोज टाकीतून झाडं नेतो कोण?”

“सापडू दे फक्त,” प्रितम दात ओठ खात म्हणाला. “आजी दोन महिन्यांपासून पाठीत उसण भरली तरी पाण्यात उतरते. सापडू दे!”

मोनू बहिणीकडे टुकुटुकु पाहत होता. मोना कोणाकडेच पाहत नव्हती.

देवळात सप्ताह चालू होता. दुपारी चारला टिकारामबुवांचं कीर्तन. बुवांचा आवाज असा की पहिल्याच सुरात म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबत, आणि विनोद असा की मागं झोपलेली पोरं उठून बसत. पखवाजावर थाप पडली, टाळ वाजले, अख्खं गाव डोलायला लागलं. एरवी मोना सगळ्यांत पुढे बसायची. आज खांबाच्या आड बसली.

मध्येच बुवांनी हातातली चिपळी थांबवली. “अहो, जरा देवाच्या पायांकडे बघा! हे कशानं एवढं शोभून राहिलं? सोन्यानं? नाही! आपल्या मोनाबाईच्या भक्तीनं! लेकरू कुठून आणते कोणास ठाऊक, पण रोज हिरवी गुलाबं आणते!”

सगळ्यांच्या माना देवाकडे वळल्या. उर्वशीचीही वळली.

विठोबाच्या पायाशी, हळदीकुंकवानं माखलेली, बारा पोपटी गुलाबं मांडली होती.

उर्वशी हळूहळू मागं वळली. खांबाच्या आड असलेल्या मोनाकडे पाहिलं.  मग शेजारी बसलेल्या प्रितमनंही पाहिलं.

मोना उठली. 

“बुवा,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की बुवांनी पखवाजाला हातानं थांबवलं. “बुवा, ते... भक्ती नाही. ती मी काकांच्या टाकीतून न विचारता घेतली. नवरात्रापासून. अन् निर्माल्यासंगं तलावात गेली. शिंगाड्यावर जे आलं ते माझ्यामुळं आलं. शकुनआजीच्या बेण्यातून नाही. मले दुपारीच समजलं होतं. आजीवर नाव आलं तरी मी बोलली नाही.”

 कोणीतरी हातातला टाळ चटईवर ठेवला, तेवढाच आवाज.

प्रितमचा चेहरा पांढरा पडला होता. “पाण्यात तं मी सोडत होतो,” तो म्हणाला. “माझ्याच हातानं. हात जोडून!”

“अन् टोपली मी धरत होतो,” मोनूनं भोकाड पसरलं.

शकुनबाई बायकांच्या बाजूला बसली होती. मोनाला वाटलं, ती रागावेल, चार शब्द बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आपल्या हातांकडे पाहत बसली. शिंगाड्याच्या काट्यांनी चिरलेल्या, काळ्या पडलेल्या हातांकडे.

मग पुरुषांच्या ओळीतून चंद्रकुमारकाका उठले. “एकट्या पोरीचं नाही,” ते खाली मान घालून म्हणाले. “पाकिटात पाच झाडं आली होती. कागदावर लिहिलं होतं, उघड्या पाण्यात सोडू नका, फार पसरते. मी तो कागद फाडून टाकला. घरचे म्हणाले असते, असलं कायले आणलं! दुपारी गोपीचंदजींपुढं मी बी गप्पच राहिलो.”

“बरं झालं, खुलासा झाला,” गोपीचंदजी शर्ट झटकत म्हणाले. “शकुनबाई, तुझ्यावरचा बोल मी मागं घेतो. पण त्यानं पाणी साफ होत नाही! पंप उद्या येणारच.”

“काका,” उर्वशी उभी राहिली, आवाज अगदी गोड करून, “पंप पाण्यावरच्या झाडांसाठीच आहे नं?”

“मग कशासाठी?”

“म्हणजे दहा वाजता पाण्यावर एकही झाड दिसलं नाही, तर फवारणी करायची गरजच नाही. हो नं?”

गोपीचंदजी खो खो हसले. “एवढा कोपरा भरला आहे, बेटा! दहापर्यंत एक बी दिसलं नाही, तं पंप मी स्वतः परत पाठवीन!”

“सगळ्यांनी ऐकलं?” बुवा मोठ्यानं म्हणाले. “गोपीचंदजी देवासमोर बोलले! आता कीर्तन इथंच थांबवू. लेकरांनो, तुम्हाले काय लागते ते सांगा.”

लागत काय होतं, तेच तर कोणाला माहीत नव्हतं! एकेक झाड हातानं वेचायला दहा दिवस लागले असते. देवळाच्या पायरीवर चौघं बसली. प्रितम मोनापासून दोन पायऱ्या दूर.

“जाळं टाकलं तर?” उर्वशी म्हणाली.

“वेली तुटतील,” प्रितम तुटकपणे म्हणाला.

“झाडू!” मोनू नाक पुसत म्हणाला. “अंगण झाडतो तसं पाणी झाडायचं.”

“वेडा आहेस का बे? पाण्याले...” प्रितम थांबला. “थांब. थांब! झाडं तरंगतात. वेलीच्या मधली सोड, पण बाहेरच्या मोकळ्या पाण्यावरची... लांब दोर आडवा टाकायचा, दोन्ही काठांवरून ओढत आणायचा. झाडं पुढं पुढं सरकत काठाले लागतील!”

“बारीक दोराखालून निसटतील,” मोना पहिल्यांदाच बोलली. “जाड पाहिजे. तणसाचा!”

खळ्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होताच. अंधार पडायच्या आत काम सुरू झालं. एकानं तणीस पुरवायची, दुसऱ्यानं पीळ द्यायचा, तिसऱ्यानं उलट चालत जायचं. बुवांनी धोतर खोचून पीळ द्यायला घेतला. “पखवाजापेक्षा हे अवघड आहे रे बाबांनो!” मांडीएवढा जाड दोर अंगणभर सापासारखा पसरला.

पण देवळामागच्या हौदात त्याचा तुकडा टाकून पाहिला, तर पाच मिनिटांत भिजून खाली गेला!

“संपलं,” प्रितम म्हणाला.

“नाही संपलं,” मागून आवाज आला. चंद्रकुमारकाकांच्या दोन्ही काखांत थर्माकोलचे डबे होते. “माझी झाडं याच्यातूनच येतात. माळ्यावर तीस-चाळीस पडले आहेत. कधी कामी येतील म्हणून ठेवले होते. घ्या!”

“काका, तुमच्या झाडांचे...” मोना म्हणाली.

“घे म्हटलं नं!” ते खेकसले, पण डोळे ओले होते. “टाकी मी आत्ताच रिकामी करून आलो. एक पान ठेवलं नाही. सगळी वर उन्हाच्या जागी पसरली आहेत. सुकली की खड्ड्यात.”

थर्माकोलचे तुकडे खताच्या जुन्या पोत्यांत भरून दोराला बांधले. आता दोर बुडेना!

दुसऱ्या दिवशी काकडआरती संपली आणि देवळातला सगळा मेळा थेट तलावावर उतरला. पाण्यावर अजून धुकं होतं. दोराचं एक टोक घेऊन काका आणि गावातली माणसं एका काठावर, दुसरं टोक घेऊन बुवा दुसऱ्या काठावर. दोर मधोमध फाकू नये म्हणून एका डोंग्यातून कोणीतरी तो धरून न्यायला हवा होता.

“मी जातो,” प्रितम म्हणाला.

“मीही,” मोना म्हणाली.

प्रितमनं तिच्याकडे न पाहता डोंगा काठाला लावला. ती डोंग्यात बसली.

“ओढा!” उर्वशीनं काठावरून शिट्टी मारली.

दोर हलला. पोपटी झाडं पुढं सरकू लागली, आधी एकेक, मग झुंडीनं. मुळांना मुळं अडकून त्यांची जाड गोधडीच झाली. दोर जड झाला. हातांना तणीस कचकचून बोचत होती.

“प्रितम,” मोना हळूच म्हणाली, “तू माझ्याशी बोलणार नाहीस?”

“काय बोलू?” तो दोरावरची नजर न काढता म्हणाला. “तू फुलं चोरली, त्याचा राग नाई. देवासाठी होती. पण तुले माहीत होतं, अन् आजीले बोल लागत होता, तरी तू उभी राहिली. मी तुझ्या बाजूलेच उभा होतो, मोना.”

  मोनानं दोर आणखी घट्ट धरला.

“तिकडून निसटून राहिली!” मोनू काठावरून नाचत ओरडला. “उजवीकडं! उजवीकडं! मोनाताई, तुझं दुसरं उजवं!”

दोराच्या एका फटीतून दहा-पंधरा झाडं मागं गेली होती. मोना विचार न करता पाण्यात उतरली. पाणी छातीएवढं, खाली पाय रुततील असा चिखल.

“फार पुढं जाऊ नको!” प्रितमनं डोंगा तिच्याजवळ आणला. “डोंग्याले धरून राहा. दे इकडं!”

ती वेचत गेली, तो डोंग्यात भरत गेला. पलीकडे शकुनबाई आपल्या डोंग्यातून वेलींच्या आत, एका हातानं वेल बाजूला सारत, दुसऱ्या हातानं झाडं उपटत होती. मान वर न करता.

नऊ वाजता काठावर पोपटी ढीग उभा राहिला, बैलगाडीएवढा! साडेनऊला वेलींमधली जागा मोकळी झाली. शिंगाड्याची चौकोनी पानं, कडेला लालसर, पहिल्यांदा उघडी पडली. काही पिवळी झाली होती, पण देठ ताठ होते.

पावणेदहाला फटफटीचा आवाज आला. पंपवाला आणि गोपीचंदजी.

गोपीचंदजींनी ढीग पाहिला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते काठानं चालू लागले. सगळा गाव त्यांच्या मागं. त्यांनी वाकून पाहिलं, डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“ते काय आहे?” ते एकदम ओरडले. “ते! हिरवं! पानाजवळ! सापडलं नं!”

 मोनूनं एक खडा उचलून अलगद तिकडं टाकला.

हिरवं काहीतरी टुण्णकन उडालं.

“बेडूक आहे, काका,” मोनू म्हणाला. “त्याले बी फवारायचं का?”

काठावर असा हशा पिकला की पंपवालाही फटफटीवर डोकं टेकून हसला. गोपीचंदजींनी घड्याळ पाहिलं. दहा. त्यांनी खिशातली दोन्ही पेनं नीट केली आणि म्हणाले, “जा बाबा, परत जा. मी देवासमोर बोललो होतो.”

दुपारी चारला पुन्हा कीर्तन. बुवांचा घसा सकाळच्या आरोळ्यांनी बसला होता, तरी ते रंगले होते. निरूपण संपवून त्यांनी चौघा मुलांना पुढं बोलावलं. “देवाचं निर्माल्य आता तलावात जाणार नाही. देवळामागं खड्डा खणू, त्याचं खत चंद्रकुमारजींच्या झाडांना जाईल. आणि ही लेकरं! यांनी एका सकाळीत आख्खा कोपरा वाचवला! गोपीचंदजी, तुमच्या हातानं यांना नारळ द्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. उर्वशी ऐटीत उठली. प्रितम उठला. मोनू तर आधीच नारळाजवळ पोचला होता.

मोना मात्र जागची हलली नाही.

“ऊठ नं, बेटा,” बुवा म्हणाले.

“बुवा, मले नारळ नको,” ती चटईकडे पाहत म्हणाली. तिचे कान पुन्हा तापले होते. “वाचवला म्हणू नका. मी दुपारी पुन्हा गेली होती. वेलींच्या मुळाशी सतरा झाडं आणखी सापडली.”

“काय?” गोपीचंदजी ताडकन म्हणाले. “सतरा?”

“पंप गेला, काका! आता गेला!” मोनू किंचाळला.

“सतरा नाई,” बायकांच्या बाजूनं आवाज आला. “अठरा. एक मीनं काढलं.”

शकुनबाई उठून उभी राहिली होती. देवळात कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, गोपीचंदजीसुद्धा. शकुनबाई हसली नाही. ती बायकांच्या ओळीतून वाट काढत मोनासमोर आली.

“अजून निघतील,” ती म्हणाली. “रोज निघतील. नखाएवढी असतात, माझ्या डोळ्याले दिसत नाईत. तुले दिसतात. सुट्टी संपेपर्यंत माझ्या डोंग्यात समोर बसायचं अन् वेचायचं. काटे लागतील हाताले. रडली तं चालणार नाई. समजलं काय वं?”

कालपासून पहिल्यांदा मोनानं मान वर केली.

“हो,” ती म्हणाली. “किती वाजता येऊ, आजी?”